परसातला हौद

तामलवाडी,
१२ एप्रिल २०२५

श्राव,

नकाशाची गुंडाळी उघडलीस की आतून हे पत्र पडेल. दचकू नकोस. वरचा कागद आमच्या परसाचा, मापं नवरोबांनी, म्हणजे रणधीरनं घेतलीत, तो तुझ्या ऑफिसच्या कामाचा. हा आतला कागद तुझा. वाच, फाड, आणि उत्तर असंच गुंडाळीत घालून दगडोबाच्या हाती दे. दगडोबा म्हणजे आमचा माळी. त्याची लेक सिताबाई धाराशिवला दिलीय, त्यामुळं आठवड्याला त्याची तिकडं फेरी असतेच. शिवाय त्याला वाचता येत नाही. या घरातल्या माणसांचा मला सगळ्यात आवडलेला गुण हाच!

फोन का करत नाहीस म्हणशील. अगं, माझा फोन घरात सगळ्यांचा आहे. रणधीर रोज प्रेमानं चार्जिंगला लावतो आणि लावता लावता सगळं वाचून घेतो. मागं तुला नुसतं "कंटाळा आलाय गं" एवढं लिहिलं, तर सकाळी मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चहा पिता पिता विचारलं, "कशाचा कंटाळा आला सूनबाई?" तेव्हापासून मी तुला फक्त फुलांचे फोटो पाठवते.

आता बातमी. आमच्या परसात स्विमिंग पूल होणार! हस, पोट धरून हस. मामा सोलापूरला कुणाच्या तरी लग्नाला गेले होते, तिथं बंगल्यामागं पूल बघून आले, तेव्हापासून दुसरा विषय नाही. सासूबाई, म्हणजे कस्तुराआत्या, त्याला हौदच म्हणतात. परवा जेवताना मामा म्हणाले, "बागायतीचं शिकलाव ना तुम्ही? मग नोकरी कशापायी? घरातच तुमच्या इद्येला काम दिलं बघा." चार वर्षं नोकरीचं नाव काढलं की ताटावरून उठणारा माणूस! मी संधी सोडली नाही. म्हटलं, नकाशा श्रावस्तीकडून करून घ्यायचा, आणि हे काम नीट झालं तर मला बाहेर काम करू द्यायचं. मामा म्हणाले, "बघू की." या घरात 'बघू की' म्हणजे जवळजवळ हो असतं.

मला काय हवंय ते ऐक. परसाला आज कुंपण नाही. कडुनिंबाखाली उभं राहिलं की शेतापलीकडं हायवे दिसतो, तुळजापूरला चाललेल्या गाड्या दिसतात. चार वर्षं मी रोज संध्याकाळी तिथं उभी राहते. पुलाच्या काठावर बसल्यावर तो रस्ता दिसला पाहिजे. आणि तो पूल वरून कुणी आणून टाकल्यासारखा नको, या परसातलाच वाटला पाहिजे. तसं जमवून दे.

आणि तुला पोहायला शिकवायचं राहिलंय. माहेरी, ईटच्या आमच्या विहिरीवर तुला नेता आलं नाही. का, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. हॉस्टेलात शब्द दिला होता की पाणी माझ्या हातातलं झालं की शिकवीन. आता होतंय.

तुझी,
निक्की

---

धाराशिव,
१९ एप्रिल

निक्के,

पत्र फाडलं नाही. बनाबाईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या ट्रंकेत ठेवलंय. तिथं हात घालायची आमच्या घरात कुणाची टाप नाही.

आधी काम. तुमच्याकडं बारा फूट काळी माती आहे. तू शिकलेली आहेस तरी परत सांगते, कारण तुमच्याकडचे गवंडी ऐकत नाहीत. ही माती पावसात फुगते आणि पाणी धरून बसते. पूल भरलेला असला तर त्याचं वजन त्याला दाबून ठेवतं. रिकामा असला तर खालचं पाणी त्याला वर ढकलतं. रिकामं पातेलं बादलीत दाबून बघ, हात काढला की उसळतं की नाही? म्हणून पुलाच्या बुडाखाली खडीचा थर घेतलाय आणि त्यातून एक पाइप काढून ओढ्याकडं सोडलाय. त्या पाइपचं तोंड कायम उघडं राहिलं पाहिजे. आणि नकाशावर लाल शाईनं लिहिलंय ते वाच: आषाढ ते दिवाळी पूल रिकामा करायचा नाही. अर्धासुद्धा नाही.

कडुनिंब तोडायचा नाही. वारा पश्चिमेचा, पाला पूर्वेला उडतो, म्हणून पूल झाडाच्या पश्चिमेला घेतलाय. काठाला शहाबादी फरशी, पण घासलेली नको, पाय घसरतात. फरशीला लागून गवती चहा, मग कढीपत्ता, लिंबं, आणि जाईचा मांडव. आत्यांना चहाची पात आणि देवाची फुलं तिथंच मिळाली की त्यांचा हौद त्यांना आपला वाटेल. रस्त्याकडची बाजू पूर्ण मोकळी, फक्त बसायला हातभर उंचीचा दगडी कट्टा. तुझा हायवे दिसेल गं बाई, घाबरू नकोस.

आता माझी बातमी. इथल्या एका संस्थेच्या कॉलेजच्या आवाराचं काम मिळालंय. सात एकर! दसरा झाला की सुरू करायचं. माझ्या एकटीच्यानं होणार नाही. ऑफिसात दुसरी खुर्ची घेतलीय, तिच्यावर कुणाला बसू देत नाही. संघप्रिया, दादाची मुलगी, सहा वर्षांची झाली, ती बसायला गेली की सांगते, ती निक्कीमावशीची आहे. तर 'बघू की'चं 'हो' करून आण.

श्रावस्ती

---

तामलवाडी,
२ जून

श्राव,

खोदाई झाली, काँक्रीट झालं, पूल तुझ्या नकाशाप्रमाणंच होतोय. बाकी मात्र काही विचारू नकोस.

पहिल्यांदा आत्या म्हणाल्या, "सुना पान्यात उतरणार आन् रस्त्यानं जाणारी बघणार, शोभतं व्हय?" म्हणून कट्टा चार फूट झाला. मग रणधीर म्हणाला, ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला दिसेल. सात फूट झाला. मग मामांनी टेम्पोच्या टपावरच्या माणसाचा हिशेब केला. आता तिन्ही बाजूंनी बारा फूट भिंत उठतेय, श्राव. कडुनिंबाखाली उभं राहिलं की सिमेंटचा वास येतो. रस्ता गेला. मी म्हटलं, मग उन्हाळ्यात वारं कुठून येणार? मामा म्हणाले, "सगळं तुमच्यासाठीच चाललंय." त्याला काय उत्तर देणार? माझ्यासाठी चाललंय म्हटल्यावर तोंडच बंद.

गवंडी शिवपुत्र म्हणून आहे, अक्कलकोटकडचा, भला माणूस. तो मला हळूच म्हणाला, "ताई, पोहायचं हाय का लपायचं हाय?"

एक सांगायचं राहिलं. रस्त्याकडच्या भिंतीचा पाया तुझ्या पाइपावरून गेलाय. मी मध्ये पडले. रणधीर म्हणाला, "पाइप पुढं वाढवून घेऊ." अजून वाढवलेला नाही.

निक्की

---

धाराशिव,
९ जून

निक्के,

तुझ्या नवऱ्यानं ग्रुप केलाय. 'परसबाग' नाव. त्यात तो, मामा आणि मी. तू नाहीस! ज्या परसासाठी तू दोन महिने डोकं लावतेस त्याच्या ग्रुपात तू नाहीस. मी लिहिलं, भिंतीमुळं पाइपचं तोंड बुजेल, पाणी अडेल, भिंतीला खाली भोकं तरी ठेवा. उत्तर आलं, "मॅडम, भिंतीचं आमचं आम्ही बघतो. तुम्ही झाडांचं बघा." खाली हात जोडलेलं चित्र.

तू रागावशील, तरी विचारते. या सगळ्यात तू एकदा तरी 'नको' म्हणालीस का? 'वारं कुठून येणार' म्हणजे 'नको' नव्हे. मला माहीत आहे, मी चाळीस किलोमीटरवर बसून बोलतेय. पण तू पहिल्यापासून अशीच. हॉस्टेलातही मेसच्या बाईला भाजी खारट झाली म्हणायच्या ऐवजी पाणी जास्त प्यायचीस.

पाइप बघ. विसरू नकोस.

श्रावस्ती

---

तामलवाडी,
१८ ऑगस्ट

श्राव,

पूल पुरा झाला! तुझी लाल शाई वाचून आषाढ लागायच्या आतच भरून ठेवला होता. छातीएवढं निळं पाणी. जाई अजून मांडवावर चढायचीय, पण कढीपत्ता लागला, गवती चहा तर माजलाय नुसता. आत्या रोज पात तोडतात आणि आलेल्या-गेलेल्याला सांगतात, "आमच्या सुनेनं केलंय." ते ऐकून भिंतसुद्धा दोन फूट बुटकी वाटते.

गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी, ३ सप्टेंबरला, उद्‌घाटन आहे. तू यायचंच. मामांनी स्वतः सांगितलंय, "त्या म्याडमला बोलवा, आमी काय तसलं मानत न्हाय." (हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.) संघप्रियाला घेऊन ये. मी तिच्यासाठी पाच लिटरचा तेलाचा डबा धुऊन ठेवलाय. पाठीला बांधून तिला आणि तुला एकाच दिवशी शिकवते.

मला नोकरीचं पक्कं उत्तर त्यानंतर मिळणार आहे. श्राव, मी दिवस मोजतेय. भिंतीच्या आत सकाळी नऊनंतर ऊन येतं आणि चारला जातं, तेवढाच माझा दिवस.

निक्की

---

धाराशिव,
४ सप्टेंबर

निक्के, निक्के, निक्के!

काल घरी पोचेपर्यंत संघप्रियानं एसटीत सगळ्या गाडीला पोहून दाखवलं. कंडक्टरच्या पाठीला डबा बांधायला निघाली होती. तू तिच्या पोटाखाली हात धरून म्हणत होतीस ना, "सोडलं, सोडलं, सोडलं," आणि सोडलेलं नव्हतंसच. आणि शेवटी खरंच सोडलंस आणि ती चार हात गेली. मी काठावर पाय सोडून बसले होते ते रडू लपवायला. मी काही उतरले नाही, पुढच्या वेळी उतरेन. तिनं मात्र माझ्या वाटणीचंही पोहून घेतलं.

आत्यांनी तिला टॉवेल दिला, लाडू दिला. मामा माझ्याशी लिंबाच्या जातींवर बोलले. आजीला हे सगळं सांगितलं. तिनं तीनदा विचारलं, "पान्यात उतरली? हौदात? सगळ्यांदेखत?" मी म्हटलं, हो. मग ती संघप्रियाचे केस पुसत बसली, वाळले होते तरी पुसत होती.

आम्ही पुढच्या रविवारी परत येतो, म्हणजे १४ला. पोरगी तोवर मला जगू देणार नाही. आणि तुझं उत्तर कळव, खुर्ची वाट बघतेय.

श्रावस्ती

---

तामलवाडी,
१० सप्टेंबर

श्राव,

घाईत लिहितेय. रविवारी येऊ नकोस. ग्रहण होतं ना सात तारखेला, म्हणून घरच्यांनी पुलाचं पाणी सोडून दिलं. ग्रहणातलं साठवलेलं पाणी ठेवत नाहीत आमच्याकडं, माहीतच आहे तुला. पूल कोरडा आहे. पोरीला वाईट वाटेल, तिला काहीतरी सांग. हवाही बरी नाही, सर्दी व्हायची.

नोकरीला मामा हो म्हणालेत. दसरा झाला की येते.

निक्की

---

धाराशिव,
१४ सप्टेंबर

निक्के,

नोकरीचं वाचून आनंद झाला असता. पण आधी पूल भरा! दगडोबासमोर पत्र लिहितेय, तो चहा पितोय. लाल शाईनं लिहिलं होतं ना गं? भाद्रपद आहे, जमीन भरलीय, पाइप बुजलेला आहे. एक दिवस रिकामा ठेवला तरी माझा जीव खालीवर होतो. ग्रहण सुटलं, तुमचं सोवळं झालं, आता मोटार लावा आणि भरा. ग्रुपवरही टाकलंय. रणधीरनं वाचलंय, उत्तर नाही.

आता दुसरं. दगडोबा आजीशी बोलत बसला होता. बोलता बोलता म्हणाला, हौद पाच तारखेपासून कोरडा आहे. मी म्हटलं, आठ तारखेपासून असेल. तो म्हणाला, न्हाय, शुक्रवारी सकाळीच मोटार लावली, उसाला पाणी काढलं, मीच पाट दिला. ग्रहण रविवारी होतं, सातला.

आजी म्हणाली, "गिऱ्हाण सुटल्यावर पाणी वततेत. आदी न्हाय. म्या चाळीस वरसं लोकांच्या घरची भांडी घासली, मला नगं शिकवू."

निक्की, पाणी का सोडलं?

श्रावस्ती

---

तामलवाडी,
१७ सप्टेंबर

श्राव,

तीन वेळा कागद फाडला. आता सरळ लिहिते.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावकीतल्या लक्ष्मीबाई आल्या. कडुनिंबाखाली बसून आत्यांना म्हणाल्या, "मग आता त्याच पान्यात तुमी उतरणार व्हय?" एवढंच. आत्यांचा चेहरा उतरला. जेवताना विषय निघाला. मामा म्हणाले, "आमच्या मनात काय न्हाय. पोरगी गोड हाय. पण घरात देवधरम हाय, चार लोकांत ऱ्हायचंय. पाणी बदलून घ्या, येवढंच." शांतपणे म्हणाले. भाजी वाढा म्हणावं तसं.

मी म्हटलं, आषाढ ते दिवाळी पूल रिकामा करायचा नाही. ऐकतेयस ना? मी हे म्हटलं. नकाशाचं कारण दिलं. हे जे चाललंय ते चुकीचं आहे, असं म्हटलं नाही. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, दसऱ्यापास्नं जावा तुमी कामाला. आमची हरकत न्हाय." त्याच दमात म्हणाले. आधीचं वाक्य आणि हे वाक्य यांच्यामध्ये श्वाससुद्धा नव्हता.

सकाळी आत्या म्हणाल्या, "तूच उतरवलंस तिला, तूच काढ पाणी." मोटारीचं बटण मी दाबलं, श्राव. कुणी हात धरला नव्हता. मी दाबलं. मला वाटलं, एवढं एक केलं की सुटले. पाणी काय, परत भरेल. पोरगी सहा वर्षांची, तिला काय कळतंय. असं मी स्वतःला समजावत काठावर उभी राहिले आणि पाणी उतरताना बघत राहिले. ते पाणी उसाला गेलं. उसाला काही होत नाही म्हणे.

तुझं चार तारखेचं पत्र आलं तेव्हा मोटार चालूच होती. "सोडलं, सोडलं" वाचलं आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मग बाहेर येऊन पोळ्या केल्या.

पूल अजून कोरडाच आहे. आधी गोमूत्र शिंपडलं, आता मुहूर्त बघतायत. पाऊस थांबत नाही. मी रोज त्या बारा फुटांच्या आत फिरते. भिंत त्यांनी बांधली म्हणून मी ओरडत होते. तुला खोटं लिहून आणखी एक मी बांधली.

माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही. उत्तर दिलं नाहीस तरी समजेन.

निक्की

---

तामलवाडी,
२६ सप्टेंबर

श्राव,

तुझं उत्तर आलं नाही. बरोबर आहे. तरी हे कळवायलाच हवं, कारण हे तुझ्या कामाचं आहे.

पूल वर आला. मंगळवारी पहाटे पावसात आवाज झाला, घराखालून कुणीतरी दार ढकलल्यासारखा. उजाडल्यावर बघितलं तर पुलाचा रस्त्याकडचा काठ कमरेएवढा वर, अख्खा तिरका, फरश्या पत्त्यांसारख्या पडलेल्या. भिंतीआड पाणी तुंबलेलं, पायाखालची माती लोण्यासारखी झालेली. आठच्या सुमाराला आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रस्त्याकडची भिंत बाहेर झुकली आणि पडली. माणूस-जनावर कुणाला काही झालं नाही. दगडोबा म्हणाला, "आता हौद बघा, भाईर याया निघाला." आत्यांनी त्याला शिव्या दिल्या.

आणि श्राव, रस्ता दिसला. पावसात, धुरकट, पण दिसला. नवरात्राची ज्योत घेऊन पोरं पळत चालली होती. सगळं घर कपाळाला हात लावून बसलेलं आणि मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला.

खरी गोष्ट पुढं आहे. दुपारी रणधीरनं कागद आणला. त्यावर लिहिलं होतं की नकाशा सदोष होता, डिझाइनरनं हलगर्जीपणा केला. मामांची सही झालेली. तुझ्या कॉलेजच्या संस्थेच्या अध्यक्षांना मामा ओळखतात, त्यांना तो पाठवायचा. खाली माझी सही हवी, कारण मी शिकलेली आणि तुझी मैत्रीण, म्हणजे कागदाला वजन. मामा म्हणाले, "सही करा, आन् मग तुमी तुमच्या नोकरीचं बघा. दुसरीकडं कुठंबी लावून देतो."

परत तोच सौदा. एका हातात बटण, दुसऱ्या हातात दार.

मी आत गेले, तुझा नकाशा आणला, ओसरीवर उलगडला आणि लाल शाईची ओळ मोठ्यानं वाचली. मग पाइपवरची. मग रणधीरला म्हटलं, ग्रुप काढ, तिचे मेसेज वाच, नाहीतर मी वाचते. लक्ष्मीबाई होत्या, शिवपुत्र होता. त्यांच्यासमोर म्हटलं, पूल पावसानं नाही वर आला, एका सहा वर्षांच्या पोरीनं पाण्याला हात लावला म्हणून तो रिकामा केला आणि म्हणून वर आला. आणि रिकामा मी केला. हा कागद खोटा आहे. मी सही करणार नाही. नको.

मी 'नको' म्हटलं, श्राव. तू विचारलं होतंस ना?

आत्या रडल्या. मामा उठून गेले. रणधीरनं फोन काढून घेतला आणि सांगितलं, नोकरी विसर. कागद माझ्या सहीविना कसा पाठवणार, म्हणून तो कपाटात पडलाय. मी आता पूर्वीपेक्षा जास्त आत आहे. फक्त एक भिंत पडलेली आहे. बांधायला गवंडी ८ ऑक्टोबरला, बुधवारी येणार आहेत. यावेळी पंधरा फूट म्हणतायत.

निक्की

---

धाराशिव,
२ ऑक्टोबर

निक्की,

आज दसरा. विहारात धम्मदीक्षेच्या दिवसाचा कार्यक्रम होता, तिथून येऊन लिहायला बसलेय. पंधरा दिवस तुझं पत्र समोर ठेवून बसत होते. लिहायला घेतलं की कागद चुरगाळून टाकायचे. दुःखानं नाही, संतापानं.

बटण तू दाबलंस. हे मी विसरणार नाही, आणि मी विसरावं असं तुलाही वाटू देणार नाही. लक्ष्मीबाईंचं मला काही वाटलं नाही, त्यांच्यासारख्या शंभर बघितल्यात. पण माझ्या भाचीच्या पोटाखालचा हात आणि बटणावरचा हात एकच होता, हे मला रोज आठवतं. आजीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग? नवीन काय त्यात?" आणि शेंगा निवडायला लागली. मला तुझ्यापेक्षा तिच्या त्या शांतपणाचा जास्त राग आला, आणि त्या रागानं मी तिच्याशीच भांडले.

सही केली नाहीस ते बरं केलंस. त्याबद्दल तुझे आभार मानणार नाही. खरं बोलण्याचे आभार काय मानायचे? पण ते वाक्य मी आजीला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ती शेंगा निवडायची थांबली होती.

खुर्ची रिकामी आहे. ती तू चांगली आहेस म्हणून नाही, तुला काम येतं म्हणून. कॉलेजचं काम १३ तारखेला सुरू होतंय. राहायला आमच्याकडं माडीवरची खोली आहे. आजी हो म्हणालीय.

पण एक अट आहे. संघप्रिया रोज शाळेतून आली की तो तेलाचा डबा पाठीला बांधून फिरते आणि विचारते, निक्कीमावशीच्या पुलात कधी जायचं. मी तिला सांगितलं, पूल बिघडलाय. हे खोटं मी तुझ्यासाठी बोलले आणि परत बोलणार नाही. पाणी का काढलं ते तिला तू सांगायचंस. माझ्या घरात शिरल्यावर पहिल्यांदा तेच करायचंस, बॅग ठेवायच्या आधी. ती सहा वर्षांची आहे, प्रत्येक वाक्यानंतर 'का' विचारते. प्रत्येक 'का'ला खरं उत्तर द्यायचं. जमणार असेल तर ये. नसेल जमणार तर तिथंच राहा, मी रागावणार नाही. पण मग पत्र नको.

श्रावस्ती

---

तामलवाडी,
६ ऑक्टोबर, सोमवार

श्राव,

हे पत्र आज दुपारी दगडोबा आणून देईल. उद्या सकाळी पहिल्या गाडीनं मी निघते. घरी विचारलेलं नाही, सांगितलंय. रणधीर फाटकात खुर्ची टाकून बसलाय. बसू दे. पडलेल्या भिंतीकडून रस्ता जवळ पडतो.

उद्या संघप्रियाला शाळेत पाठवू नकोस.

निक्की